सांगून तरी जायचं

चि. दादूस,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन मीच कपाटात ठेवून आलो, त्यामुळं तुझ्याशी बोलायचं तर मम्मीच्या फोनवर बोलावं लागतं आणि तिथं तू "हं" आणि "बरं" यापुढं जात नाहीस. म्हणून कागद घेतला. इथं खालच्या मजल्यावरचे काका शुक्रवारी लातूरला चाललेत, त्यांच्या हाती देतो. अक्षर लागलं नाही तर आबांना विचार, त्यांना माझं अक्षर लागतं.

रविवारी ताटं वाढली होती, मला रात्रीची ट्रॅव्हल्स पकडायची होती आणि तू आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसला होतास. मी तीन हाका मारल्या. मग आत आलो तर तू मान वर न करता म्हणलास, "पप्पा, दोन मिनिटं. मधूनच उठता येत नाही, तिघं अडकलेत." मी फोन ओढून घेतला आणि बंदच केला. तू जेवला नाहीस. मी जेवलो, पण काय खाल्लं ते आठवत नाही.

बार्शीपर्यंत माझा राग टिकला. टेंभुर्णीला गाडी चहाला थांबली तेव्हा तो गेला होता आणि तुझं वाक्य तेवढं डोक्यात राहिलं होतं. मधूनच उठता येत नाही. खरं आहे. आणि ते खरं आहे हे आपल्या घरात तुझ्याआधी मला ठाऊक होतं, 2006 पासून. ते तुला कधी सांगितलं नाही, ते आता सांगतो.

मी तेव्हा पॉलिटेक्निकला होतो. आम्ही चौघं. होस्टेलला कुणी कुणाला नावानं हाक मारायचं नाही, गावाच्या नावानं मारायचं. एक उदगीर, एक मुरूड, एक रेणापूर. मी लातूरचाच, घरून ये-जा करणारा, तर मला "लोकल" म्हणायचे. उदगीरचे काका तू बघितलेत, आपल्याकडं येताना बालुशाही आणतात ते.

औसा रोडच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर कॅफे होता. आठ संगणक, मधी प्लायवूडच्या पट्ट्या, प्रत्येक खुर्चीचं काहीतरी मोडलेलं. ताशी पंधरा रुपये. बीएसएनएलचं ब्रॉडबँड नुकतं आलेलं आणि ते आठ जणांत वाटून घेतलेलं. मोठे खेळ तिथं चालायचेच नाहीत. सीडी लागायची, मालक काही टाकू द्यायचा नाही. रेणापूरनं कुठून तरी शोधून आणलं की एक खेळ काही न टाकता नुसत्या ब्राउझरमध्ये उघडतो. त्याचं नाव रुनस्केप.

हा खेळ इंग्लंडमधल्या एका विद्यार्थ्यानं, अँड्र्यू गोवरनं, भावाला हाताशी धरून केला आणि जानेवारी 2001 मध्ये लोकांपुढं ठेवला. आईवडिलांच्या घरात बसून. हे मला फार नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तर आबांना तेवढं तरी सांगता आलं असतं.

चित्रं म्हणशील तर तुला हसू येईल. माणसांची तोंडं ठोकळ्यासारखी, झाडं म्हणजे काठीवर हिरवी टोपी. पण आपण आत शिरलो की ते जग आपल्यासाठी थांबलेलं नसायचं. हजारो माणसं तिथं आधीपासून आपापल्या कामाला लागलेली. कुणी लाकडं तोडतंय, कुणी खाणीत लोखंड काढतंय, कुणी गायी मारून कातडी गोळा करतंय. आणि ती खरी माणसं होती, कुणी ब्राझीलचं, कुणी पोलंडचं. तिथं मी पहिलं काम काय केलं माहितेय? लंब्रिजच्या किल्ल्यातल्या आचाऱ्याला केकसाठी अंडं, दूध आणि पीठ आणून दिलं. पिठासाठी गहू तोडून पवनचक्कीत नेऊन दळावा लागतो. घरी आईनं गिरणीवर पाठवलं तर मी कुरकुर करायचो, आणि ताशी पंधरा रुपये भरून तिथं दळण दळत होतो.

मला नाव "वाघ" पाहिजे होतं. ते आधीच कुणी तरी घेतलेलं. मग पुढं आपला पिनकोड लावला, वाघ413512. मुरूड म्हणला, "लेका, आता तुला मनीऑर्डर पण येईल."

आमच्याकडं दोनच अडचणी होत्या, पैसे आणि लाईट. महिन्याला पाच डॉलर भरले की खेळाचं अर्धं जग उघडायचं, पण क्रेडिट कार्ड आमच्या पैकी कुणाच्या बापाकडंही नव्हतं. फालाडोर नावाच्या शहराच्या पश्चिमेला एक फाटक होतं, तिथून पुढं फुकट्यांना जाता यायचं नाही. पलीकडची झाडं दिसायची. उदगीर उगाच जाऊन त्या फाटकापाशी उभा राहायचा. लाईटीचं तर विचारूच नको. भारनियमनाचे दिवस. लाईट गेली की यूपीएस पीप-पीप करायला लागायचा आणि मालक ओरडायचा, "लेकरांनो, उरका!" चार-पाच मिनिटं मिळायची. तेवढ्यात ज्यानं त्यानं आपापला माणूस सुरक्षित जागी न्यायचा. लढाईत असताना संगणक बंद पडला तर आपला माणूस लगेच गायब होत नाही, थोडा वेळ तिथंच उभा राहतो आणि मार खातो. मेला तर अंगावरच्या वस्तूंपैकी सगळ्यात महागाच्या तीन तेव्हा त्याच्याकडं राहायच्या, बाकी जमिनीवर.

मुरूडचं काळं चिलखत मात्र लाईटीनं नाही, माणसानं नेलं. एक जण म्हणला, तुझ्या चिलखताला सोन्याची किनार फुकट लावून देतो, दे इकडं. यानं दिलं. तो गेला. आम्ही इतकं हसलो की मालकानं वरचा पंखा बंद केला. कारण त्याच महिन्यात मुरूडच्या आजीची पाटली दारावर आलेल्या दागिने उजळून देणाऱ्यानं नेली होती आणि हा आठवडाभर म्हातारीच्या अकलेवर बोलत होता.

आता खेकड्यांकडं येतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. करामजा नावाचं बेट होतं. बोटीनं तीस नाणी देऊन जायचं, पिंजरा टाकून बसायचं, एकेक लॉबस्टर वर यायचा. लातूरच्या पोरांना लॉबस्टर काय ठाऊक? आम्ही खेकडा म्हणायचो. त्याला मराठीत शेवंड म्हणतात हे मला इथं चाकणला एका रत्नागिरीच्या माणसानं सांगितलं. झोळीत जागा अठ्ठावीस. एक पिंजऱ्याला, एक नाण्यांना, उरल्या सव्वीस. बेटावर फुकट्यांना बँक नाही. सव्वीस झाले की बोटीनं परत, मग चालत ड्रेनॉरच्या बँकेपर्यंत, माल ठेवायचा, पुन्हा बोट. आम्ही एक खेकडा दोनशेला विकायचो. उदगीरला रून धातूचं चिलखत घ्यायचं होतं. त्यातलं नुसतं पायातलं दुकानात 64,000 नाण्यांना. किती खेपा होतात ते तूच काढ, गणिताच्या क्लासला एवढे पैसे भरतोय. शिवाय टोप, छातीचं, ढाल, तलवार वेगळी. तो दिवाळीच्या सुट्टीला गावी गेला नाही. घरी सांगितलं सबमिशन आहे.

आणि गप्पा. खेळापेक्षा जास्त वेळ गप्पांत गेला असेल. चौघंही एकाच खोलीत, प्लायवूडच्या आड, तोंडानं बोलता येत असताना पडद्यावर टाइप करून बोलायचो, रोमन अक्षरांत मराठी. त्या बेटावर खेकडे येईपर्यंत दुसरं काम नसतं. उदगीरनं त्याच्या वडलांच्या आजारपणाचं पहिल्यांदा तिथंच लिहिलं. शेजारच्या खुर्चीवरून त्याचा बटणांचा आवाज येत होता, पण वाकून बघायची माझी छाती झाली नाही. मी पण टाइपच केलं. काय केलं ते आठवत नाही. बहुतेक "होईल बरं" असलंच काहीतरी.

ज्या दिवसाचं सांगायचंय तो शनिवार होता. त्या जगाच्या उत्तरेला पडीक मुलूख आहे, वाइल्डरनेस. तिथं माणूस माणसाला मारू शकतो. आपणहून दुसऱ्यावर पहिला वार केला की डोक्यावर कवटी येते, आणि कवटी असताना मेलं की त्या तीन वस्तूही राहत नाहीत. सगळं जातं. आम्ही ठरवलं, चौघं मिळून जायचं. उदगीर पुढं, सगळं चिलखत घालून. मुरूड आणि रेणापूर त्याच्या दोन्ही बाजूला. मी मागं, निळा झगा घालून जादूचा मारा करणार. मी अंतरावर, म्हणून परतताना पाठलाग करणाऱ्यांना अडवायचं काम माझं. उदगीरला चिलखत बँकेत ठेवून जुनं घालायचं होतं. "अरे चौघं आहोत की, घाल," हे मी म्हणलो. मी.

एकाला आम्ही मारलं. ओरडलो पण. मग त्याचे सहा-सात जण आले. उदगीरच्या डोक्यावर कवटी, आम्ही दक्षिणेकडं पळायला लागलो, मी मागं वळून मारा सुरू केला. चांगलं चाललं होतं. अगदी सांगतो, निघालो असतो आम्ही. तेवढ्यात माझ्या खांद्यावर हात पडला.

आबा.

ते तेव्हा गंजात आडत दुकानावर मुनीम होते. दुकानातून थेट आले होते, टोपीवर तुरीचा भुस्सा तसाच. कुणी सांगितलं ते आजपर्यंत मला कळलं नाही. ओरडले नाहीत, मारलं नाही. एवढंच म्हणले, "चल. माय वाट बघालीय."

मी माऊस सोडला आणि उठलो. बाजूच्या पट्टीआडून उदगीर "मार की बे, मार!" करत होता, त्याला काही दिसत नव्हतं. मला त्याला "आलो", "चाललो" काहीही म्हणता आलं असतं. दोन शब्द. आबांच्या मागं मी जिना उतरलो. वर पडद्यावर माझा निळ्या झग्यातला माणूस तसाच उभा होता.

गंजगोलाईपर्यंत आबा काही बोलले नाहीत. सोळा रस्ते फुटतात तिथं आल्यावर थांबले आणि विचारलं, "त्या दुसऱ्या पोराच्या टीव्हीवर माणसं उभी होती बाजारात, डोक्यावर रंगीत अक्षरं. ते काय इकालेत?"

म्हणलं, "खेकडे. लोखंड. कोळसा."

"दर कोण काढतंय?"

"कुणी नाही. ज्याचं त्यानं सांगायचं."

"आडत किती?"

"आडत नाही."

"हमाली, तोलाई?"

"नाही."

आबांनी माझ्याकडं असं बघितलं की मी त्यांना फसवतोय. "मग ते राज्य चाललंय कशावर?" म्हणले. याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. घरी गेल्यावर आईनं जे काही केलं ते तुला सांगायची गरज नाही, तुझी आजी तुला गरीब वाटते तर वाटू दे.

सोमवारी कळलं. तिघंही मेले. उदगीरचं सगळं गेलं, टोपापासून ढालीपर्यंत. मी सांगायला लागलो की वडील आले होते, तर तो म्हणला, "वडील आले ते कळलं मला. नंतर मालकानं सांगितलं." आणि थोडं थांबून, "सांगून तरी जायचं." त्यानंतर तो माझ्याशी पंधरा दिवस बोलला नाही. प्रॅक्टिकलला आम्ही एका टेबलावर होतो.

मी भरून द्यायचं ठरवलं. त्याला बोललो नाही. एकटाच बसून खेकडे धरायला लागलो, घरून मिळणाऱ्या पैशात आठवड्याला दोन तास बसायचे. किती दिवस लागले असतील त्याचा अंदाज कर. 2007 च्या पावसाळ्यात डिप्लोमा संपला, उदगीर पुण्याला लागला, मी इथं चाकणला शिकाऊ म्हणून. डिसेंबरअखेर माझ्याकडं पायातलं आणि टोप जमा झाले. त्याला फोन केला, रविवारी ये म्हणलं. तो आला, आम्ही खेळातल्या वॅरॉक शहराच्या बँकेबाहेर उभे राहिलो, मी देवाणघेवाणीची खिडकी उघडली, वस्तू ठेवल्या. खेळानं नाही म्हणलं.

त्याच आठवड्यात, जानेवारी 2008 मध्ये, कंपनीनं नियम आणला होता. चोरलेल्या क्रेडिट कार्डांवर खातं काढायचं, नाणी गोळा करायची आणि ती खऱ्या पैशाला विकायची, हा मोठा धंदा झाला होता. तो मोडायला त्यांनी दोन्ही बाजूंच्या मालाच्या किमतीत काही हजारांपेक्षा जास्त फरक असला की व्यवहारच बंद केला. म्हणजे फुकट द्यायचंच नाही कुणी कुणाला. जमिनीवर टाकून बघितलं, तर ते त्याला दिसेना. चोरांसाठी लावलेल्या कुलपात आम्ही दोघं. उदगीर खूप हसला. मला अजिबात हसू आलं नाही. नियमाचं कारण मला पटतं, आजही पटतं, पण माझा त्यांच्यावरचा राग काही गेला नाही.

तीन वर्षांनी त्यांनी खेळणाऱ्यांचं मत घेतलं. बारा लाखांवर मतं पडली, 91 टक्के लोक म्हणले जुनं परत आणा, आणि फेब्रुवारी 2011 ला नियम उठला. मी उदगीरला फोन केला. तो पासवर्ड विसरला होता. तेव्हा त्याचं लग्न ठरत होतं, त्याला पायातलं चिलखत नको होतं, हॉल पाहिजे होता.

पुढं 2013 मध्ये कंपनीनं ऑगस्ट 2007 ची जपून ठेवलेली प्रत काढून जुना खेळ जसाच्या तसा वेगळा सुरू केला. जग जुनं, पण माणसं सगळी शून्यापासून. माझा वाघ तिथं नव्हता. ऑक्टोबर 2018 ला तो जुना खेळ फोनवर आला तेव्हा मी घेतला. तुला आठवत नसेल, तू सहा वर्षांचा होतास, माझ्या मांडीवर बसून विचारलं होतंस, "पप्पा, हे काका सारखे मासेच का पकडतात?" मी म्हणलो होतो, "त्यांना एकाचे पैसे द्यायचेत."

दिले. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये. मी इथं खोलीत एकटा अडकलो होतो, तुम्ही लातूरला. उदगीरचं दुकान बंद, मुरूड हैदराबादला, रेणापूर शेतात. चौघं पुन्हा लंब्रिजच्या किल्ल्याबाहेर उभे राहिलो, फाटक्या कपड्यांत. त्या दोन महिन्यांत मी कुणाशी सगळ्यात जास्त बोललो असेन तर या तिघांशी, आणि तेही टाइप करून, जुन्या सवयीनं. मेच्या शेवटी मी उदगीरला टोपापासून ढालीपर्यंत सगळं दिलं. त्यानं घातलं, वॅरॉकच्या चौकात गोल फिरून दाखवलं आणि लिहिलं, "व्याज?" हे चिलखत आता तिथं काही फार मोठी गोष्ट राहिलेली नाही, पोरं आठवड्यात मिळवतात. त्याला ते माहीत होतं. तरी त्यानं ते अजून विकलेलं नाही.

अजूनही कधी महिन्यातून एखादा रविवार आम्ही बसतो. मधी भाजी करपायला लागली की मी "उठतो" असं लिहितो. तो लगेच लिहितो, "वडील आले का?"

एक गंमत सांगतो, क्लासवाल्या सरांना सांगू नकोस. या खेळात कुठल्याही कामाची शेवटची पायरी 99 वी, तिला 1,30,34,431 गुण लागतात. आणि त्याचा निम्मा रस्ता होतो 92 व्या पायरीला. उदगीरचा मासेमारीचा आकडा सध्या 91 आहे. तो दुकानात गिऱ्हाइकाला सांगत असतो, नव्वदच्या पुढं गेलो म्हणून.

तर रविवारचं. तुझे ते तिघं कोण, मला माहीत नाही, तू मला कधी सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. मी फोन बंद केल्यावर त्यांचं काय झालं असेल याचा अंदाज मला आहे. त्यांना सांग, माझ्या पप्पांनी ओढला. माझं नाव सांग, स्वतःवर घेऊ नकोस. ताटं वाढायच्या वेळेला नवा डाव मांडायचा नाही हे मात्र राहील, त्यात मी मागं सरकणार नाही, आणि चालू असेल तर किती मिनिटं ते आधी सांगायचं. तू सांगितलं होतंस. दोन मिनिटं म्हणला होतास.

फोन लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात आहे, शालीच्या खाली. किल्ली आबांच्या बंडीच्या खिशात. नुसती मागितली तर देणार नाहीत, मी तसं सांगून आलोय. त्यांच्यापाशी बस, त्यांना म्हणावं, पप्पांच्या त्या खेकड्यांच्या बाजारात 2021 मध्ये आडत बसली, तेव्हा शेकडा एक, 2025 पासून शेकडा दोन. देतील.

तुझा,
पप्पा